लेकराचे जुलाब: ओआरएस-झिंक की अँटिबायोटिक?

मावसबहिणीचा रात्री फोन आला. दीड वर्षाच्या लेकीला जुलाब, घरात मागच्या वेळचं अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सिरप उरलंय, देऊ का? मी आधी लंगोट नीट बघायला सांगितलं.

शी पाण्यासारखी असेल तर कारण बहुधा विषाणू. तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. शेंबडासारखी आव आणि रक्त दिसलं तर संशय शिगेला या जिवाणूवर, आणि तिथे योग्य अँटिबायोटिकने आजार लवकर आटोक्यात येतो. पण हा जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकलाही अनेक ठिकाणी दाद देईनासा झालाय, म्हणून औषध डॉक्टरांनीच ठरवावं. उरलेली बाटली तर नकोच: पाणी घालून कालवलेलं सिरप थोड्याच दिवसांत वाया जातं.

ओआरएस-झिंक असो वा अँटिबायोटिक, खर्च दोन्हींचा फार नाही. कष्ट ओआरएसचे जास्त: मोठं पाकीट लिटरभर पाण्यात, दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने. सहा महिन्यांवरच्यांना झिंक रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

नुसते पातळ जुलाब असतील तर ओआरएस, झिंक आणि अंगावरचं दूध पुरे. रक्त दिसलं तर हे चालूच ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, तर रात्रीच दवाखाना गाठा.