आजोबांचं साखळीचं घड्याळ: वेस्ट एन्ड, वॉल्थम की रॉसकॉफ?

वाटण्यांत दागिने एकाकडे, कपाट दुसऱ्याकडे आणि बंद पडलेलं साखळीचं घड्याळ ‘तू ठेव, तुला आवड आहे’ म्हणून तिसऱ्याच्या हातात जातं. हे त्या तिसऱ्यासाठी. विकायचं, दुरुस्त करायचं की नुसतं जपायचं, हे घड्याळ किती जुनं आहे यावर फारसं ठरत नाही. कोणत्या जातीचं आहे यावर ठरतं. आपल्याकडच्या घरांतून निघणाऱ्या तीन जाती बघू: मुंबईच्या पेढीचं नाव असलेलं स्विस, अमेरिकन आणि रॉसकॉफ.

आधी मागचं झाकण उघडा. कडेला नखापुरती खाच असेल तर नखानेच उचला. नसेल तर बहुधा आट्यांचं आहे; रबरी हातमोजा घालून उलटं फिरवा. सुरी अजिबात नको, ओरखड्यापायी घेणारा हमखास भाव पाडतो. आतल्या मशीनचे उजेडात फोटो काढा. डायलवर नुसतं दुकानाचं नाव असू शकतं, खरी ओळख मशीनवर पटते.

वेस्ट एन्ड वॉच कंपनी १८८० च्या दशकात मुंबईत उभी राहिली. डायलवर ‘बॉम्बे’ आणि ‘कॅलकटा’ छापलेलं, सोबत क्वीन ॲन, मॅचलेस, सेकुंडस किंवा कॉम्पिटिशन यातलं एखादं नाव. मशीनं स्वित्झर्लंडहून यायची, काही थेट लाँजिन या नावाजलेल्या स्विस कंपनीची. आत लाँजिनचं नाव किंवा पंख असलेलं वाळूचं घड्याळ दिसलं तर घाई करू नका. लाँजिनने जुन्या क्रमांकांच्या नोंदवह्या जपल्या आहेत, त्यावरून साल लागतं. फेवर-ल्यूबा या दुसऱ्या स्विस कंपनीचं नातं आणखी जुनं, १८६५ पासून भारतात.

या जातीत केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, अनेकदा चांदीची असते. झाकणाच्या आत भिंग लावून बघा: रानकोंबड्यासारखा पक्षी म्हणजे ०.८०० (हजारात ८०० भाग चांदी), उभं अस्वल ०.८७५, तीन अस्वलं ०.९३५. सोन्यावर खार असेल तर १४ कॅरट, स्त्रीचं मस्तक असेल तर १८. ‘अर्जेंटान’ किंवा ‘निकेल सिल्व्हर’ लिहिलेलं असेल तर चांदीचा कणही नाही. काच आणि मशीन वगळून ५० ग्रॅम भरणारी ०.९३५ ची केस म्हणजे ४६.७५ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या दराने गुणा. हा झाला तळाचा भाव. याच्याही खाली कुणी मागत असेल तर सरळ उठून या.

वरचा भाव मात्र डायलवर अवलंबून. मूळ डायल बहुधा पांढऱ्या एनॅमलची, तिला डोक्यावरच्या केसासारखे बारीक तडे असतात. ‘नवीकोरी करून देतो’ म्हणणारे चोर बाजारात आणि त्याच्या बाहेरही भेटतील. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड होतात, सेकंदाचं छोटं वर्तुळ एका बाजूला सरकतं. माझं मत विचाराल तर तडा गेलेली मूळ डायल रंगवलेल्या चकचकीत डायलपेक्षा केव्हाही सरस.

वॉल्थम आणि एल्जिन या अमेरिकन घड्याळांमध्ये सगळा खेळ क्रमांकाचा. मशीनवरचा क्रमांक घ्यायचा, केसवरचा नाही. केस बहुधा दुसऱ्याच कारखान्याची असते. तो क्रमांक नेटवरच्या याद्यांत टाकला की साल, दर्जा आणि ज्वेल्सची (झीज कमी करायला मशीनमध्ये बसवलेल्या खड्यांची) संख्या मिळते. सोनेरी केसमध्ये ‘२० वर्षांची हमी’ अशा अर्थाचा मजकूर असेल तर खूश होऊ नका, ते भरीव सोनं नव्हे, वर बसवलेला पातळ पत्रा आहे. अशी घड्याळं कोट्यवधी बनली, म्हणून ७ ज्वेलच्या साध्या घड्याळाला फार कुणी विचारत नाही. १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली आणि तिथल्या रेल्वेने घड्याळांचे नियम कडक केले. त्या दर्जाची, म्हणजे १७ किंवा जास्त ज्वेल्सची, वॉल्थमच्या व्हॅनगार्ड किंवा क्रेसेंट स्ट्रीटसारखी असतील तर चांगला भाव येतो. यातल्या बऱ्याच घड्याळांत वेळ लावायला काचेच्या कडेखालची बारीक दांडी ओढावी लागते. चावीशी झटापट केलीत तर नुकसान. सुटे भाग अजून मिळतात, त्यामुळे तिन्हींत दुरुस्तीचा खर्च इथेच सगळ्यात वसूल होतो.

रॉसकॉफचं लवकर उरकतं. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफने १८६७ मध्ये कामगाराला परवडेल असं, २० फ्रँकचं घड्याळ काढलं: भाग कमी, टिकटिक मोठी. मग नकला निघाल्या आणि पाठीवर आगगाडीचं इंजिन छापलं गेलं. त्या चित्रावरून ‘आजोबा रेल्वेत होते’ असा निष्कर्ष काढू नका. रेल्वेने दिलेल्या घड्याळावर कंपनीची अक्षरं आणि क्रमांक कोरलेला असण्याची शक्यता जास्त, तसा असेल तर नोकरीचा जुना कागद सोबत जपा. बाकी रॉसकॉफ विकण्यात राम नाही. दुरुस्तीचं बिल बहुधा किमतीपेक्षा मोठं होईल. घरात ठेवा.

सराफ वजन देईल आणि मशीन बाजूला फेकेल, म्हणून मशीन चांगलं असेल तर मोडीत देऊ नका. जुन्या घड्याळांचा व्यापारी रोख देतो पण स्वतःचा नफा धरून. लिलावघर नावाजलेल्या, कागदपत्रं असलेल्या घड्याळालाच हात घालतं. नेटवर भाव बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा सोडा, विकल्या गेलेल्याचा बघा.

शंभरी ओलांडलेलं घड्याळ परदेशी पाठवायचं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र मिळतं का ते आधी विचारा, अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत टाकून देणार असाल तरीही.