गाठीचा नमुना द्यायचा असेल तर: चिपळूणच्या लॅबचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाच्या मानेत गाठ आली होती. संध्याकाळी ताप, रात्री उशी भिजेल इतका घाम, वजन उतरत चाललेलं. सुई घालून तपासलं, त्यात नक्की काही कळलं नाही, आणि लक्षणं बघून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत गाठ लिंबाएवढी झाली. सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची आतली वीण येत नाही. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, ओळखायला तीच बघावी लागते, हे आम्हाला उशिरा कळलं. मग गुहागरला पूर्ण गाठ काढली आणि भर पावसात मी ती घेऊन या लॅबमध्ये आले.

काउंटरवरच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "बाटलीत काय घातलंय?" सलाइन होतं. त्या तशाच उठून बाटली घेऊन आत गेल्या. डॉक्टरांनी गाठ मधोमध कापून फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, टाकली. अख्खी ठेवली तर फॉर्मॅलिन गाभ्यापर्यंत लवकर पोचत नाही, आतल्या पेशी खराब होतात आणि मग रंग नीट चढत नाहीत, असं त्यांनी नंतर समजावलं. माझ्या लेखी निम्मं काम त्या दहा मिनिटांत झालं.

चौथ्या दिवशी पहिला रिपोर्ट आला. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात मोठ्या, दोन-दोन केंद्रकांच्या पेशी दिसल्या होत्या. संशय हॉजकिनचा, म्हणजे लिम्फोमाच्या एका प्रकाराचा. पण नुसत्या संशयावर त्यांनी निदान लिहिलं नाही. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, आयएचसीसाठी (पेशींमधली ठराविक प्रथिनं, म्हणजे मार्कर, रंगवून ओळखायची तपासणी) मुंबईला जाणार, पाच मार्करचे साडेपाच हजार होतील, हे आधीच कागदावर लिहून दिलं.

रंगवलेल्या काचा (स्लाइड) परत आल्यावर मी बघायला मागितल्या, आणि डॉक्टरांनी खुर्ची सोडून मला मायक्रोस्कोपशी बसवलं. सीडी३० या मार्करच्या काचेवर निळसर बारीक पेशींच्या गर्दीत मोजक्याच मोठ्या पेशी, प्रत्येकीला तपकिरी कडं. सीडी१५लाही त्याच रंगलेल्या. सीडी३ला बरोब्बर उलटं: भोवतालच्या बारीक टी पेशी तपकिरी, मोठ्या मात्र कोऱ्या. सीडी२०लाही त्या कोऱ्याच होत्या, पॅक्स५ फिकट. म्हणजे हॉजकिनच, हे पक्कं झालं. शत्रू डोळ्यांनी बघितला आणि त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

तक्रार एकच, पण खरी आहे. दुपारी चारनंतर फोन कुणी उचलत नाही. आयएचसीला आठ दिवस लागले, आणि घरात सगळे जीव मुठीत धरून बसलेले असताना ते फार जड गेलं. यात सुधारणा व्हायलाच हवी.

जिना अरुंद आहे, पेशंटला वर नेऊ नका, नमुना घेऊन एक माणूस गेलं तरी पुरतं. २०२१च्या पुरानंतर ब्लॉकची कपाटंही त्यांनी वरच हलवली आहेत. परळला टाटामध्ये ब्लॉक आणि काचा मागितल्या, तेव्हा यांनी नंबर घालून, डबीत नीट भरून, सही घेऊन त्याच दिवशी दिल्या. तिथेही निदान तेच आलं. भावाची परवा चौथी केमो झाली. गाठ आता हाताला लागत नाही.

गाठ काढायच्या आदल्या दिवशी इथून फॉर्मॅलिनची बाटली घेऊन जा. मागितली की देतात, पैसे घेत नाहीत.