पोकलेन बांधायची साखळीने की बेल्टने? आणि त्याआधी, गाडी कोणती?

कळंबोली ट्रक टर्मिनलच्या आसपास पहिली मशीन घेतलेले नवे ठेकेदार भेटतात, त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. ट्रेलर साधा फ्लॅटबेड चालेल की सेमी-लोबेड? बांधायला साखळी घ्यायची की रॅचेट बेल्ट, म्हणजे दात्यांच्या हँडलने आवळायचा पट्टा? पहिल्या प्रश्नावर महिनाभर खल चालतो, दुसरा दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्या उरकतात. माझ्या मते हे उलटं हवं. म्हणून इथे गाडीचं थोडक्यात आणि बांधणीचं सविस्तर.

हिशेबाला दोन मशीन धरू. एक २० टनी पोकलेन. दुसरा साडेसात टनांच्या आसपासचा बॅकहो, म्हणजे कंपनी कुठलीही असो, आपण ज्याला जेसीबीच म्हणतो तो. रस्ता कळंबोली ते घोडबंदर: शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा आणि पुढे काम असेल तर थेट गायमुख.

गाडी

फ्लॅटबेडचा पाटा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. २० टनी पोकलेन बूम, म्हणजे तिचा लांब हात, दुमडूनही तीन मीटरच्या आसपास उंच. बेरीज साडेचार मीटर, आणि बूमचं कोपर नीट खाली घेतलं नसेल तर त्याहून जास्त. सेमी-लोबेडचा पाटा थोडा खाली असतो, त्यामुळे यातले तीस-चाळीस सेंटीमीटर वाचतात. आकडा छोटा वाटतो, पण साईटच्या गल्लीत आडवी लोंबणारी केबल नेमकी तेवढ्यासाठीच अडते. खरा फायदा मात्र चढवताना होतो. पाटा जितका खाली, तितका रॅम्पचा चढ कमी. पावसात ओल्या रॅम्पवर पोकलेनची चेन, म्हणजे ती ज्यावर चालते तो लोखंडी पट्टा, सटकते तेव्हा ऑपरेटरच्या हातात फार काही उरत नाही. त्यातच काही जण रॅम्पवर असतानाच केबिन फिरवतात किंवा दिशा सुधारायला जातात. असा ऑपरेटर असेल तर ट्रेलर कुठलाही घ्या, उपयोग नाही.

पूर्ण लोबेड आणखी खाली असतो, म्हणून चढवायला सर्वांत सोपा. पण साईटच्या तोंडाशी, गतिरोधकावर, अर्धवट काँक्रीट केलेल्या रस्त्याच्या कडेवर त्याचं पोट घासतं. तीस टनांच्या वरच्या मशीनसाठी तो भाड्याने घ्यावा, विकत घेऊन दारात उभा करू नये.

एक गैरसमज सगळीकडे दिसतो: लोबेड घेतला की ओव्हर डायमेन्शनची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची भानगड मिटली. ती उंचीपुरती थोडी सैल होते, रुंदीचं काय? मालवाहू गाडीची रुंदीची मर्यादा २.६ मीटर, आणि २० टनी पोकलेन चेनपट्ट्यांसह कमीत कमी २.८ मीटर भरते. म्हणजे गाडी बदलली तरी मशीन दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारच आणि परवानगी लागणारच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बाहेर आलेला माल सापडला तर २०,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवून घेण्याचा खर्च आपल्याच माथी. पोकलेन माजिवड्याला उतरवून ठेवायची वेळ आली तर दंडापेक्षा तो खर्च मोठा ठरेल.

थोडक्यात, फक्त जेसीबी असेल तर फ्लॅटबेड पुरे. पोकलेन असेल तर सेमी-लोबेड.

साखळी, बेल्ट आणि खालचं रबर

गाडीने जोरात ब्रेक मारला की माल पुढे जाऊ पाहतो. युरोप आणि अमेरिकेतले बांधणीचे नियम हा जोर मालाच्या वजनाच्या ०.८ पट धरतात, बाजूला आणि मागे ०.५ पट. आपणही तोच आकडा धरू. २० टनांची पोकलेन म्हणजे पुढे १६ टनांचा जोर. त्यातला काही भाग मशीन आणि पाट्यामधलं घर्षण खातं, उरलेला साखळीने किंवा बेल्टने पेलायचा.

आता साखळी. ग्रेड ८० ची (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा दर्जा) १० मिलिमीटर साखळी बांधणीसाठी ६.३ टनांची मानली जाते. पण ती सरळ रेषेत ओढत नाही. खाली तिरकी आणि बाजूलाही तिरकी जाते. दोन्ही कोन ३५ अंशांचे धरले तर पुढचा जोर अडवायला तिच्यातले साधारण ४.२ टनच कामी येतात. चार कोपऱ्यांच्या चार साखळ्यांपैकी मशीनला मागे ओढून धरणाऱ्या दोनच, म्हणजे ८.४ टन. साखळी मशीनला खाली दाबते त्याचा थोडा फायदा असतो, तो इथे धरलेला नाही.

पाट्याच्या ओल्या, चिखल माखलेल्या चेकर्ड प्लेटवर (नक्षीदार लोखंडी पत्र्यावर) लोखंडी चेन ठेवली तर घर्षण वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत घसरू शकतं. म्हणजे २ टन. उरले १४, आणि आपल्याकडे ८.४. पाट्यावर लाकडी फळ्या असतील तर घर्षण ०.३ च्या आसपास: ६ टन गेले, १० उरले, तरीही थोडं अपुरं. चेनखाली घसरणरोधक रबर मॅट टाकली तर ते ०.६ धरतात: १२ टन मॅटनेच धरले, साखळ्यांना उरले फक्त ४.

बहुतेक जण अशा वेळी जाड साखळी घेतात. १३ मिलिमीटरची, १० टनांची घेतली तरी त्याच कोनात दोन मिळून १३.४ टन होतात. ओल्या लोखंडावर १४ हवे होते. पदराला खार लावून आणलेली साखळी जे करू शकत नाही, ते रबराचा तुकडा करतो. म्हणून माझा क्रम असा: पैसा आधी मॅटवर, मग साखळीवर. अट एकच, मॅट आणि चेन दोन्ही स्वच्छ हवेत. जुलैत साईटवरून निघालेल्या पोकलेनच्या चेनपट्ट्यांत चिखल गच्च बसलेला असतो. तो फावड्याने खरवडून काढल्याशिवाय ०.६ हा आकडा फक्त कागदावरचा. भंगारातल्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे वापरणारेही आहेत. नव्या खरबरीत तुकड्याला माझी हरकत नाही, पण झिजून गुळगुळीत झालेला तुकडा म्हणजे घसरगुंडी.

आता बेल्ट. ५० मिलिमीटरच्या पॉलिएस्टर बेल्टला दुकानदार ‘पाच टनी’ म्हणतो. त्याच्या लेबलवर एलसी या अक्षरांपुढे सरळ ओढीचा आकडा छापलेला असतो, बहुधा २५०० डेकान्यूटन, म्हणजे अडीच टन. पाच टन हा तोच बेल्ट दुहेरी वळवून घेतल्यावरचा आकडा असतो. नाहीतर तुटण्याचा. वरच्याच कोनात अडीच टनांतले १.७ कामी येतात, दोन बेल्टचे ३.४. रबर असूनही पोकलेनला ४ हवे होते. शिवाय बेल्ट ताणाखाली सात टक्क्यांपर्यंत लांबू शकतो आणि चेनपट्ट्याच्या धारेवर घासला की कापला जातो. पोकलेनसाठी बेल्टचा विचार इथेच संपतो.

बेल्ट मशीनवरून आडवा टाकून ‘दाबून’ बांधणारे तर रोज दिसतात. त्याच लेबलवर एसटीएफ म्हणून आणखी एक आकडा असतो, तो हाताने रॅचेट आवळल्यावर मिळणारा खरा ताण सांगतो. साध्या हँडलला तो तीनशे-साडेतीनशे किलो. वीस टनांच्या मशीनवर एवढा दाब वाढवून काही साधत नाही.

जेसीबीचं गणित वेगळं. साडेसात टनांना पुढचा जोर ६ टन. रबरी टायरचं घर्षण कमी करून ०.५ धरलं तरी पावणेचार टन त्यात गेले. सव्वादोन उरले, दोन बेल्ट ३.४ देतात. म्हणजे बेल्ट चालतो, फक्त तो चासीला बांधायचा आणि जिथे धार लागते तिथे कोपऱ्याचं संरक्षण घालायचं. जेसीबीचा खरा उपद्रव टायरमध्ये आहे. खड्ड्यात टायर दबतो, मशीन खाली-वर होते आणि बांधणी सैल पडते, मग ती साखळी असो वा बेल्ट. बादली पाट्यावर टेकवायची, चाकांना पुढे-मागे गुटके ठोकायचे आणि वाटेत पुन्हा आवळायचं. रंगाला जपायची वस्तू, जनरेटर किंवा कॉम्प्रेसर असेल तर बेल्टच बरा.

वायर रोप आणि तो ताणायचा आट्यांचा टर्नबकल? जुने ड्रायव्हर अजून वापरतात. तुटलेली तार हातात घुसते, क्लॅम्प उलटे बसवलेले असतात, आणि दोर कितीला टिकेल याचं लेबल कुठेच नसतं. नवीन घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

साखळी घेतली की ती ताणायला बाइंडर लागतो, आणि तिथे पुन्हा दोन प्रकार. लिव्हर बाइंडर एका झटक्यात आवळतो, स्वस्तही पडतो. पण आवळलेल्या लिव्हरमध्ये सगळा ताण साठलेला असतो. सोडताना तो दांडा उसळून येतो, आणि तेव्हा क्लीनरचं तोंड नेमकं त्याच्यासमोर असतं. जास्त ताणायला वर पाईप अडकवला की धोका दुप्पट. रॅचेट बाइंडरला वेळ जास्त लागतो. चिखलात त्याचे आटे साफ करून ग्रीस लावावं लागतं, हाही जाच आहेच. तरी मी रॅचेटच सांगेन. इथे पैसे वाचवायला जागा नाही.

अमेरिकेत सुमारे साडेचार टनांवरच्या मशीनला कमीत कमी चार ठिकाणी बांधणी सक्तीची आहे. आपण चार कोपऱ्यांच्या चार साखळ्या आणि बूम-बादलीसाठी पाचवी धरावी. केबिन फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावायचा. हूक साईडच्या अँगलला न अडकवता पाट्याला वेल्ड केलेल्या डी-रिंगला अडकवायचा, आणि ते वेल्डिंग महिन्यातून एकदा बोट फिरवून पाहायचं. भेग डोळ्यांआधी बोटाला कळते. साखळीला गाठ मारायची नाही, तुटली तर वेल्ड करायची नाही. कडी ताणून तीन टक्के लांबली किंवा दहा टक्के झिजली की ती साखळी भंगारात.

त्याच अमेरिकन नियमात पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून बांधणी तपासायची असते. कळंबोलीहून घोडबंदर तेवढ्या अंतराच्या आतच येऊन जातं, म्हणून तो आकडा इथे कामाचा नाही. मुंब्रा बायपासचा चढ लागण्याआधी, शिळफाट्याच्या अलीकडे जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घ्या आणि पाचही बाइंडर हलवून पाहा. नव्याने आवळलेली साखळी पहिल्या काही किलोमीटरांतच बसते आणि सैल होते.

ट्रेलर विकत न घेता भाड्याने आणणार असाल तर गाडी ठरवतानाच विचारा: साखळ्या तुमच्या की आमच्या, किती, कितीच्या, बाइंडर कुठले आणि मॅट आहे का. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, गाडी आली की कडीवर उठवलेला ग्रेडचा आकडा बघा. ‘सगळं आहे गाडीत’ असं फोनवर म्हणणाऱ्या बऱ्याच गाड्यांत दोन जुने बेल्ट आणि एक सुतळीचा गुंडा निघतो. म्हणून मॅट आणि पाच साखळ्या स्वतःच्या ठेवा. त्या मशीनसोबत फिरतात, ट्रेलर कुणाचाही असो.