पोर्टल ॲक्सलच्या नावाखाली ४९,९५० रुपयांचा गंडा

आधी १८,५०० रुपये, मग १४,२००, मग ७,३५० आणि शेवटी ९,९००. एका रेडिओ कंट्रोल क्रॉलरसाठी, म्हणजे खडकांवरून चढणाऱ्या रिमोटच्या छोट्या गाडीसाठी, मी असे ४९,९५० रुपये मोजले आणि हाती जे आले, त्याला कोणीही जाणकार माणूस सात हजारांच्या वर किंमत देणार नाही. संताप आहेच, पण घरच्यांना आणि टेकडीवर गाड्या चालवणाऱ्या मित्रांना ही रक्कम सांगताना जी लाज वाटली, ती अजून जात नाही. मी या छंदात नवखा असतो तर एक वेळ समजण्यासारखे होते. पहिल्या किटचा एकेक स्क्रू मी स्वतः आवळला आहे, शॉकमध्ये तेल भरताना अडकलेले बुडबुडे काढले आहेत, जळालेला ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारा भाग) बदलला आहे. तरीही मला फसवता आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुण्यात राहून कोणी दुसऱ्याकडून गाडी बांधून का घेतो, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारील. छंदातल्या लोकांना उत्तर ठाऊक आहे. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) प्रमाणन सक्तीचे झाले. परदेशी किट किंवा सुटे भाग रीतसर आणणे इतके महाग आणि कटकटीचे होऊन बसले, की आपण सगळे एकमेकांच्या ओळखीवर, कोणाच्या तरी परदेशातून येणाऱ्या भावाच्या बॅगेवर किंवा 'माल आणून देतो' म्हणणाऱ्या माणसावर विसंबून राहू लागलो. असल्या लोकांचे फावते ते इथेच.

मला फसवणारा माणूस पिंपरी-चिंचवडच्या बाजूचा असल्याचे सांगत असे. छंदातल्या लोकांमध्ये त्याची ऊठबस होती, त्याच्या गाड्या खडकावरून चढतानाचे व्हिडिओ अनेकांनी पाहिलेले होते आणि मी त्याला प्रत्यक्षही भेटलो होतो. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीजवळ त्याने आणलेली गाडी अस्सल होती. पोर्टल ॲक्सल (चाकाच्या मध्यापेक्षा उंच बसणारा आस), दोन गतींचा गिअरबॉक्स, दुरून लॉक होणारी डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरची रचना), सगळे चालते होते. ती मी माझ्या हातांनी उलटी करून पाहिली. तेव्हा 'न बघता पैसे कसे दिलेस' असे जे आज मला ऐकवतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की मी बघूनच पैसे दिले. फक्त जी पाहिली ती गाडी वेगळी होती आणि माझ्यासाठी बांधली ती वेगळी. दाखवायची गाडी ही त्याच्या धंद्याची पाटी होती.

ठरले ते असे: एक दशांश प्रमाणातला जुना पिकअप, ३१३ मिलिमीटर व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर), पोलादी गिअरचे पोर्टल ॲक्सल, सेन्सर असलेली ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली) मोटार, २५ किलो जोराचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो (चाके वळवणारी मोटार), १.९ इंची बीडलॉक चाके (टायर बोल्टने आवळून धरणारी), पुढच्या ॲक्सलवर पितळी वजने आणि ५००० एमएएचची दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. बॉडीचा रंग, दरवाजांवरचा गंज, बोनेटवरची उडालेली रंगाची पापुद्री हे सगळे मी बारकाईने सांगितले होते. ही यादी व्हॉट्सॲपवर लेखी आहे आणि त्याखाली त्याचे 'ओके सर, फायनल' असे उत्तर आहे. आगाऊ रक्कम म्हणून १८,५०० रुपये दिले.

त्यानंतर बॉडीचे फोटो येऊ लागले आणि ते खरोखर सुंदर होते. चाकांच्या कमानीखाली साचलेला चिखल, काचेच्या कडेची धूळ, मागच्या फळीवरचे ओरखडे. रंगकामात त्या माणसाचा हात बसलेला आहे, हे मी आजही नाकारत नाही. आपले सगळे लक्ष बॉडीवर खिळून राहावे, हाच त्यामागचा हिशेब होता. कोणी तुमच्यासाठी गाडी बांधत असेल, तर बॉडीचे फोटो मागूच नका. बॉडी काढून, गाडी उलटी करून, शेजारी मोजपट्टी आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवून फोटो मागा.

आता त्या फोटोकडे येतो, ज्याच्यामुळे माझी झोप उडाली आहे. ॲक्सलचे १४,२०० रुपये मागताना त्याने चॅसिसचा (गाडीच्या सांगाड्याचा) समोरून घेतलेला एक फोटो पाठवला. पोर्टल ॲक्सलची खूण साधी आहे: चाकाजवळ गिअरची एक जोडी असते, त्यामुळे ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर असते. मोठ्या गाड्यांत युनिमॉगला हीच रचना आहे आणि आपल्या छंदात २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ मुळे ती सगळ्यांच्या ओळखीची झाली. डिफरन्शियलचा गोळा वर उचलला जातो, खडकावर घासत नाही आणि शेवटची गती चाकाजवळच कमी होत असल्याने शाफ्टवर ताण कमी येतो. त्या फोटोत हबवर पोर्टलसारखी फुगीर आवरणे होती, पण चाकाचा नट आणि ॲक्सलची नळी अगदी एका रेषेत होती. तो फोटो मी दोन बोटांनी मोठा करून पाहिला. ती सरळ रेषा मला दिसली. मी त्याला लगेच विचारले, 'हे पोर्टल वाटत नाही.' त्याचे उत्तर आले, 'सर, हा मॉकअप आहे, लांबी बघायला जुने ॲक्सल लावलेत, पोर्टल आल्यावर बदलतो, त्यासाठीच तर पेमेंट पाहिजे.'

कोणतीही गाडी बांधताना जुने भाग तात्पुरते लावून बघतात; मीही तसेच करतो. त्यामुळे ते उत्तर मला पटले, आणि माझ्या जागी असलेल्या दहांपैकी नऊ जणांना पटले असते. पण जुन्या ॲक्सलवर पोर्टलच्या आकाराची आवरणे कशासाठी चढवली होती, हा पुढचा प्रश्न त्या क्षणी विचारला असता, तर १४,२०० रुपये खात्यातून गेले नसते आणि त्यांच्यामागून गेलेले बाकीचेही वाचले असते. ती आवरणे आतून पोकळ होती. लांबी तपासण्यासाठी पोकळ आवरणांची कोणालाही गरज नसते. हा विचार मला आज पहाटे पहाटे जाग आल्यावर सुचतो आणि मग पुन्हा डोळा लागत नाही.

पुढे 'ॲक्सल कस्टम्समध्ये अडकले' हा टप्पा आला. ते सोडवायला सीमाशुल्क भरा, म्हणून त्याने पैसे मागितले. माझ्या बाबतीत खुबी आकड्यात होती. पार्सलची किंमत १०,५०० रुपये, त्यावर ७० टक्के म्हणजे ७,३५०. आकडा बरोबर जुळत होता आणि ७० टक्क्यांचा दर मला माहीत होता, म्हणूनच तो खरा वाटला. खरे तर जुळला, हीच शंकेची गोष्ट होती. मूळ शुल्कावर समाजकल्याण अधिभार लागतो, वर एकात्मिक जीएसटी लागतो; खऱ्या बिलाचा आकडा इतका सुटसुटीत कधीच निघत नाही. सीमाशुल्क भरायला कोणी स्वतःचा यूपीआय क्रमांक देत असेल, तर बोलणे तिथेच थांबवा आणि बिल ऑफ एन्ट्रीचा (सीमाशुल्काकडे भरलेल्या आयातीच्या कागदाचा) क्रमांक मागा. तो नसेल, तर पार्सलही नाही.

शेवटचे ९,९०० रुपये 'पाठवण्यापूर्वी' घेतले गेले. गाडी तो स्वतः आणून देणार होता. आयत्या वेळी आजारपण पुढे करून दुचाकीवरून पार्सल पोचवणाऱ्या एका मुलाबरोबर खोके पाठवले. त्या मुलाला आत काय आहे, हेही ठाऊक नव्हते. समोरासमोर गाडी चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, मग समोरच्याच्या घरी काहीही होवो.

बॉडी उचलली आणि खाली काय आहे ते दिसले. स्क्रू सगळे फुलीच्या खाचेचे होते. चांगल्या क्रॉलर किटमध्ये सहसा षट्कोनी खाचेचे ॲलन स्क्रू असतात. मोटारीतून दोनच वायरी निघत होत्या, एक लाल आणि एक काळी. ब्रशलेस मोटारीला तीन जाड वायरी असतात आणि सेन्सर असेल तर आणखी एक बारीक केबल. दोन वायरींची मोटार ब्रशचीच असते. मोटारीवरच्या चकचकीत स्टिकरची कड मी नखाने उचलली, तर खाली दुसरे, मळकट स्टिकर होते. चाकांवरचे बीडलॉकचे बोल्ट ही नुसती प्लास्टिकची बोंडे होती आणि टायर रिमला डिंकाने चिकटवलेले होते. 'पितळी' वजनांजवळ स्वयंपाकघरातल्या फ्रीजवरचे लोहचुंबक नेले आणि ते टक्कन चिकटले. पितळेला चुंबक चिकटत नाही, ते सोनेरी रंग दिलेले लोखंड होते. हे चुंबक प्रत्येकाने खिशात ठेवावे.

सर्वांत संताप बॅटरीचा आला. बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो त्या जोडणीवर) मोजले तेव्हा एक सेल ३.८४ व्होल्ट आणि दुसरा २.७१ होता. तीन व्होल्टच्या खाली गेलेला लायपो सेल चार्जरला लावणे म्हणजे घरात आग लागण्याला आमंत्रण आहे, आणि त्याने तर 'चार्ज करून लगेच मजा करा सर' असा निरोप पाठवला होता. माझ्या घरात लहान मूल आहे. पैशांची फसवणूक मी एक वेळ बाजूला ठेवीन, पण हे नाही. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका ओळखीच्या दुकानदाराने मोटार आणि सर्व्हो उघडून पाहिले. २५ किलोच्या सर्व्होत पांढरे प्लास्टिकचे गिअर होते.

त्याला फोन केला तेव्हा आधी 'चुकून दुसरी गाडी गेली', मग 'बदलून देतो', मग उत्तरच नाही. त्याने दिलेल्या पत्त्यावरच्या गाळ्याला कुलूप होते आणि शेजारच्यांनी त्याचे नाव कधी ऐकलेले नव्हते.

यानंतरचा अनुभव मूळ फसवणुकीपेक्षा कडू आहे. बँकेत गेलो, तर तिथल्या बाईंनी संगणकावरून नजर न हलवता सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे, हा अनधिकृत व्यवहार होत नाही. समोरच्या खात्याचे काय, असे विचारले, तर ते दुसऱ्या बँकेचे आहे, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस ठाण्यात अर्ज नेला, तर पहिला प्रश्न आला, 'खेळण्यासाठी पन्नास हजार?' आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे मान वर करून बघू लागले. मला तिथे फिर्यादी म्हणून बसवायला हवे होते, पण प्रश्न सगळे मलाच होते: इतके पैसे आले कुठून, पावती का घेतली नाही, या वयात हा छंद कशाला. शेवटी सांगितले गेले की माल तुम्हाला मिळालेला आहे, त्यामुळे हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे.

हे धादांत चुकीचे आहे. सुरुवातीपासून फसवण्याच्या हेतूने पैसे काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पोकळ आवरणे, एकावर एक चिकटवलेली स्टिकरे आणि रंगवलेले लोखंड हे हेतूचे पुरावेच आहेत. या वस्तू हाताने, विचार करून बनवल्या जातात, चुकून होत नाहीत. हे मी तिथे सांगितले. 'तुम्ही वकील आहात का?' असे विचारण्यात आले. ऑनलाइन पैसे गेले म्हणून सायबरकडे जा, असे ठाण्याने सांगितले. माल घरपोच आला म्हणून ठाण्यातच जा, असे सायबरकडच्या माणसाने सांगितले. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदवलेल्या तक्रारीचा पोच क्रमांक दाखवला, तर आमच्याकडे काही आलेले नाही, असे उत्तर मिळाले. चूक कोणाची हे ठरवायला कोणी तयार नाही आणि दरम्यान त्या खात्यातले पैसे केव्हाच पुढे गेले आहेत.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करावा, बँकेची शाखा उघडण्याची वाट पाहू नये. पैसे पुढे सरकण्यापूर्वी खाते गोठले तरच काही हाती लागते. ठाण्याने तोंडी नकार दिला, तर अर्जाची प्रत सही-शिक्क्यासह मागावी आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालाने अर्ज पाठवावा. मी तो पाठवला आहे. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे: २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. अडचण एवढीच, की नोटीस पाठवायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो. म्हणून पैसे देण्याआधी गाडीपेक्षा माणसाचा पत्ता तपासा, त्याच्या घरी जाऊन चहा घेऊन या.

हा माणूस आता वेगळ्या नावाने पुन्हा पिकअपच्या बॉडीचे फोटो दाखवत फिरतो आहे. त्यातल्या एका फोटोत बोनेटवर तीच उडालेली पापुद्री आहे, जी मी माझ्यासाठी सांगून करवून घेतली होती. पुण्यात त्याच्याकडून आणखी कोणी फसले असेल, तर लाजेखातर गप्प न बसता आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्यात त्याचा यूपीआय क्रमांक स्पष्ट लिहावा. एकाच क्रमांकावर अनेकांचे पैसे गेलेले दिसले, की त्याला दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवणे ठाण्याला इतके सोपे राहणार नाही.