हल्ल्याआधीची जमवाजमव: फ्लाइट ट्रॅकर की उपग्रहचित्रं?

हवाई हल्ल्याची चाहूल घ्यायला काय पाहू, असं एका मित्राने विचारलं.

फ्लाइट ट्रॅकर, म्हणजे उडती विमानं नकाशावर दाखवणाऱ्या वेबसाइट, फुकट आणि तत्काळ. जून 2025 मध्ये अटलांटिक ओलांडणारी अमेरिकेची इंधनवाहू विमानं त्यावरच दिसली. पण ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख आणि जागा प्रसारित करणारं यंत्र) बंद केला की विमान गायब. चकवाही बसतो: त्याच महिन्यात अमेरिकेची काही बी-2 बॉम्बफेकी विमानं पॅसिफिककडे निघाल्याचं सगळ्यांना कळलं, इराणवर हल्ला करणारी मात्र गुपचूप पूर्वेला गेली.

उपग्रहचित्रं उशिरा मिळतात, ढगही आड येतात. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत, पण 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये लढाऊ विमान ओळखणं कठीण. सुस्पष्ट चित्रं महाग. तरी उघड्यावर उभं विमान लपत नाही. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाच्या तळावरची बी-2 अशीच मोजली गेली.

रोजची हालचाल हवी तर ट्रॅकर. तळावर काय साठलंय हे पाहायचं तर उपग्रहचित्रं.