तण माजलेला भाजीचा तुकडा : जुना पॉवर विडर विकत घ्यावा की भाड्याने काम करून घ्यावं?

घरामागचे पाच-दहा गुंठे दोन पावसाळे पडीक राहिले की तिथे काय माजतं ते सांगायला नको. देशावर हरळी, लव्हाळा, कुंदा, गाजरगवत; कोकणात रानमोडी, घाणेरी, टाकळा. मग कुणीतरी सुचवतो, "एक जुना विडर घेऊन टाका, पंधरा-वीस हजारांत मिळून जाईल." दुसरा म्हणतो, "कशाला ती ब्याद? ट्रॅक्टरवाल्याला सांगा, अर्ध्या तासात रान मोकळं."

माझा कल आधीच सांगतो. विडर म्हणजे हँडल धरून मागून चालत चालवायचं, तण मोडायचं छोटं यंत्र. रोटरी (गरगर फिरणारी पाती), मग ती विडरची असो वा ट्रॅक्टरची, हे मोडलेली जमीन भुसभुशीत करायचं अवजार आहे. पडीक मोडायचं काम नांगराच्या फाळाचं नाहीतर कुदळीचं. त्यामुळे पहिली मोडणी भाड्याने करावी, आणि विडर घ्यायचाच तर पुढच्या राखणीसाठी घ्यावा, तोही जागा पाच गुंठ्यांच्या वर असेल आणि दर हंगामात भाजी करायचा इरादा पक्का असेल तरच.

जाहिरातीतला "टिलर" म्हणजे नेमकं काय

जुन्या यंत्रांच्या जाहिरातीत सगळंच "टिलर" म्हणून खपतं. प्रत्यक्षात ही तीन-चार वेगळी यंत्रं आहेत.

सगळ्यात लहान म्हणजे ५०-६५ सीसीचं टू-स्ट्रोक. एका माणसाला उचलता येतं, ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालतं. गादीवाफ्यातली माती हलवायला, कुंड्यांच्या रांगांमधून फिरवायला ठीक. पडीक रानात हे जमिनीवर नुसतं नाचतं. स्वस्त दिसलं तरी तुमच्या कामासाठी ते बाद समजा.

त्यावरचा वर्ग ७ एचपी पेट्रोल, फोर-स्ट्रोक, २१० सीसीच्या आसपासचं इंजिन. बहुतेक जण "पॉवर विडर" म्हणतात तो हाच. चाकांच्या जागी पात्यांचा रोटर लावायचा, मागचा खुंटा जमिनीत रुतवायचा आणि हँडल धरून चालायचं. खुंटा खोल केला की यंत्र अडतं आणि पाती खोल जातात. वर घेतला की यंत्र पळतं. नवशिक्याचे हात दुखतात ते हा खुंटा नीट न लावल्यामुळे.

त्यानंतर ९ एचपी डिझेल विडर. वजनाला दुप्पट, काळ्या रानात खरा दम याचाच. पण बोळातून वळवताना घाम फुटतो. आणि शेवटी १२-१३ एचपीचा खरा पॉवर टिलर, मोठ्या चाकांचा, व्हीएसटी किंवा कॅमको या कंपन्यांच्या घराण्यातला. कोकणातली भातखाचरं वर्षानुवर्षं यानेच चिखलली जातात. तो दहा गुंठे भाजीसाठी विकत घेणं म्हणजे खर्चाचा हौद. शेजाऱ्याकडे असेल तर मात्र भाड्याने जरूर सांगा.

निर्णय तणावर ठरतो, किमतीवर नाही

लोक यंत्राची किंमत विचारतात, रानात कोणतं तण आहे ते बघत नाहीत. खरी फसगत इथे होते.

गाजरगवत, टाकळा, आघाडा, माठ ही बियांवर येणारी तणं. फुलोऱ्याच्या आत कापून, चार दिवस वाळवून विडर फिरवला तर मातीत मिसळून जातात. पुन्हा उगवतील, पण कोवळी असताना आणखी एक पाळी (विडरची फेरी) दिली की आटोक्यात येतात. अशा रानात जुना विडर पैसे वसूल करून देतो.

हरळीचं गणित उलटं. तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, जमिनीत जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात आणि प्रत्येक पेराला फुटवा येतो. रोटरीची पाती त्या काशांचे बोट-बोटभर तुकडे करून वाफाभर पसरवतात. वरून रान इतकं सुंदर दिसतं की फोटो काढावासा वाटतो. पाऊस पडला, नाहीतर ठिबक सुरू झालं, की प्रत्येक तुकड्यातून नवी हरळी. फाळाच्या नांगराने काशा लांबच्या लांब वर येतात, त्या वेचून बांधावर टाकता येतात. म्हणून हरळीच्या रानात क्रम असा : चैत्र-वैशाखात खोल नांगरट, ढेकळं उन्हात तापू देणं, कुळवाने नाहीतर दाताळ्याने काशा ओढून वेचणं आणि मगच रोटरी.

लव्हाळा त्याहून चिवट. जमिनीत त्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते, बाकीच्या झोपलेल्या राहतात. पात्यांनी माळ तुटली की त्या झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. एकदाच रोटर मारून सोडून दिलं तर लव्हाळा दाट होतो, विरळ नाही. ज्याला दोन-अडीच आठवड्यांनी पुन्हापुन्हा पाळी घालता येईल, प्रत्येक वेळी पानं चार-पाच झाली की मोडता येतील, त्याच्याच हातून गाठींतला साठा संपत जातो. इथे घरचा विडर भाड्याच्या ट्रॅक्टरपेक्षा निश्चित सरस. ट्रॅक्टरवाला सात गुंठ्यांसाठी दर पंधरवड्याला येत नसतो. शिवाय लव्हाळ्याला सावली सोसत नाही. एक पावसाळा दाट ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) पेरून तो फुलावर यायच्या सुमारास गाडला, तर निम्मी लढाई तिथेच होते. भाजीचा एक हंगाम बुडतो हे मान्य.

रानमोडी, घाणेरी, सुबाभळीची रोपं अशा लाकडी बुंध्याच्या झुडपांत विडर घालूच नका. कोयता, कुदळ आणि दोन माणसं, दुसरा इलाज नाही.

समोरासमोर

ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला (मागे जोडायच्या रोटरीला) आत यायला वाट लागते आणि वळायला जागा. पाच-सहा फुटी रोटाव्हेटर दहा गुंठ्यांत फिरतो, पण कोपरे राहतात, बांधाकडेची दोन हातांची पट्टी राहते, आणि हरळी नेमकी तिथूनच परत आत शिरते. मधे शेवगा, पपई, कढीपत्ता असेल तर त्यांच्याभोवतीचंही तसंच. ट्रॅक्टरचं वजन भाजीच्या वाफ्यावरून जातं हेही विसरू नका. ओल असताना चाकांखाली दबलेली पट्टी पुढे गाजर-मुळ्याला नडते. तरी पहिल्या मोडणीला ट्रॅक्टरच. फक्त त्याला सांगताना "रोटर मार" म्हणू नका. "आधी नांगर, पंधरा दिवसांनी रोटर" असं सांगा. तो कुरकुर करेल, दोन खेपांचे पैसे मागेल, द्या. गेट अरुंद असेल तर द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर मिळतो का बघा. नाशिक-सांगलीकडे ते भरपूर आहेत.

विडर कोपऱ्यात जातो, झाडाभोवती फिरतो, दोन ओळींतून चालतो, आणि मुख्य म्हणजे तुमच्या वेळेला चालतो. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी बेताची ओल, आला त्या सकाळी यंत्र दारात असणं ही मोठी गोष्ट आहे. काळ्या मातीत वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो. त्याआधी फिरवलं तर पात्यांना चिखलाचे गोळे, नंतर फिरवलं तर विटांसारखी ढेकळं. भाड्याचा माणूस त्या दोन दिवसांत सगळ्यांनाच हवा असतो. तोट्याची बाजू अशी की ७ एचपीचा विडर एका पाळीत चार-पाच इंच जातो, त्याखाली नाही. दर वर्षी तेवढंच खोल ढवळत राहिलं तर वर भुसभुशीत आणि खाली फरशी अशी अवस्था होते. दोन-तीन वर्षांतून एकदा नांगरट किंवा दातेरी काट्याने खोल खणणं सुटत नाही.

मजुरांकडून खणून घेणं दिवसाच्या हिशोबाने महाग वाटतं. पण दोन-तीन गुंठ्यांच्या आत तेच सगळ्यात स्वस्त आणि हरळीसाठी सगळ्यात चांगलं. कुदळीने खणताना काशा हातात येतात, अख्ख्या निघतात. एवढ्याशा जागेसाठी यंत्र, पेट्रोल, दुरुस्ती आणि ते ठेवायला शेड, हे सगळं कशाला?

जुनं यंत्र बघायला गेलात तर

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्याबरोबर सायलेन्सरला हात लावून बघा. गरम असेल तर ते थंड असताना सुरू होत नाही, असं खुशाल समजा.

दोरी हळू ओढा. एका जागी ती घट्ट अडली पाहिजे. सैल, एकसारखी येत असेल तर कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह खराब. डिझेलमध्ये डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे दाब सोडून द्यायचा, खटका लावलेला नाही ना, ते बघून मगच ओढा. सुरू झाल्यावर निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल खातंय. पेट्रोल इंजिनाचं हे दुखणं तसं भिववणारं नाही. २१० सीसीच्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि मेस्त्रीला त्यांची सवय असते.

भीती गिअरबॉक्सची. त्याचे भाग ज्या त्या कंपनीचे असतात, आणि आयात करून दोन वर्षं विकून गायब झालेल्या ब्रँडचा गिअर कुठेच मिळत नाही. म्हणून गिअर ऑइलचा नट उघडायला लावा आणि थोडं तेल बोटावर घ्या. दुधट असेल तर पाणी शिरलंय. उन्हात धरल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर दात झिजतायत. तिथून चहा पिऊन परत या.

रोटर काढायला लावा. पात्यांच्या मुळाशी, शाफ्टवर ऑइल सील असतो. तिथे जुनी ठिबकची नळी, सुतळी, मल्चिंग पेपर गुंडाळून घट्ट बसलेला असतो आणि त्याने सील कापला जातो. शाफ्टभोवती तेलकट चिकट माती दिसली की सील गेला. सील स्वस्त, पण तो किती दिवस गळतोय आणि आत तेल किती उरलं होतं हा खरा प्रश्न. रोटर वर-खाली हलवून बघा. खुळखुळला तर बेअरिंग. पात्यांचा आडवा ओठ किती शिल्लक आहे तेही बघा. झिजून नुसता दांडा उरला असेल तर नवा संच लागणार, तेवढे पैसे भावातून कमी करा.

क्लचचा दांडा सोडला की रोटर जागच्या जागी थांबला पाहिजे. पुष्कळ जण तो दांडा तारेने बांधून ठेवतात आणि मडगार्डही काढून टाकतात. अशा मशीनचा मालक बाकीची निगा काय राखत असेल, ते ओळखा.

यंत्र आधी कुठे राबलं तेही विचारा. उसाच्या भरणीला (बुंध्याला माती लावायला) वापरलेला विडर सरीत, ओल्या मातीत, दिवसचे दिवस ताणलेला असतो. डाळिंबाच्या नाहीतर फुलांच्या रानातला तुलनेने बरा. आणि बिल मागा, इंजिन नंबर जुळवा. अनुदानावर घेतलेलं यंत्र ठरावीक मुदतीत विकणार नाही असं हमीपत्र दिलेलं असतं. असलं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलंत तर लफडं तुमच्या दारात.

जुनं की नवं

सातबारा नावावर असेल तर जुन्याकडे वळण्याआधी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर) अर्ज करून बघा. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे, ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. ते फक्त नव्या यंत्राला मिळतं. निवड कधी होईल याचा भरवसा नाही आणि पैसे आधी तुम्हीच भरायचे. त्यात सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या-जुन्यातलं अंतर आणखी कमी झालंय. माझा हिशोब सरळ आहे : जुनं यंत्र नव्याच्या निम्म्याहून जास्त किमतीला मिळत असेल तर घेऊ नये. शहरात राहून गावाकडची परसबाग सांभाळणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. त्याला मात्र चांगलं तपासलेलं जुनं ७ एचपी हाच व्यवहार्य रस्ता.

आणलंच, तर पहिल्या दिवशी

सरळ रानात घालू नका. आधी ब्रशकटरने किंवा विळ्याने जमिनीसरशी कापा आणि कापलेलं सगळं बाहेर काढा. उभ्या गवतात घातलेला रोटर दहा पावलांत गवताची गुंडाळी होऊन बसतो. मग एकदा पायी फिरून तारा, ठिबकच्या नळ्या, कुंपणाच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या, फुटक्या बाटल्या वेचा. हातात लांब काठी असू द्या, घोणस अशाच जागी असते. जांभ्याच्या जमिनीत दगड वेचण्यातच दिवस जाईल, तो जाऊ द्या.

जमीन कडक असेल तर हलकं पाणी देऊन वाफशाची वाट बघा. पहिली पाळी दोन इंच, खुंटा वर ठेवून. दुसरी आडवी, खोल. गुंता झाला तर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढल्याशिवाय पात्यांना हात नाही. अनवाणी किंवा चपलेवर तर अजिबात चालवू नका. कडक जमिनीत रोटर अचानक उसळून मागे-पुढे होतो आणि पाय अगदी जवळ असतो.

हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल काढून घ्या आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओल धरते, आणि सहा महिने तसंच उभं राहिलेलं यंत्र पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा उतरवतं. "एकदाच वापरलंय, नवंकोरं आहे" म्हणून विकायला निघालेले कितीतरी विडर एवढ्याच कारणाने बंद पडलेले असतात. कॉम्प्रेशन आणि गिअर ऑइल ठीक असेल तर असं बंद पडलेलं यंत्र घासाघीस करून उचलायला हरकत नाही; कार्बोरेटर बदलायला मेस्त्रीला तासभर पुरतो.