“वाजतात ना? मग फसवणूक कुठे झाली?”

स्पीकरच्या खरेदीत २९,३०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी अजून “पंधरा-सोळा हजार गेले” एवढंच सांगितलंय.

मी काही कालचा पोरगा नाही. वीस वर्षं नागपूरच्या बर्डीवरून सुटे भाग आणून अँप्लिफायर जोडतोय. कॉलनीच्या गणपतीचा साउंड बिघडला की मलाच बोलावतात. ओटीपी मागणारे, वीज कापतो म्हणणारे, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेवाले, सगळे मला पाठ आहेत. जाहिरात देऊन स्पीकर विकणाऱ्या या माणसाने त्यातलं काहीच केलं नाही. त्याने माल पाठवला, बाप्पा!

बेत असा होता की वर चार इंची जपानी फुल रेंज, म्हणजे जवळपास सगळे सूर एकटाच वाजवणारा स्पीकर, आणि खाली आधाराला दहा इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर. छोटा कोन गळा, सतार, पेटी सुरेख वाजवतो, पण डग्ग्यापाशी त्याचा दम सुटतो. म्हणून २५० हर्ट्झच्या खालचं ओझं वूफरवर टाकायचं. कान सगळ्यात तिखट असतो त्या तीन-चार हजार हर्ट्झला सूर दोन स्पीकरांत कापावाच लागत नाही, ही या जोडणीची खरी मजा.

फुल रेंजची जोडी १८,५००, वूफरची जोडी ९,६००. बाजारभावापेक्षा तीसेक टक्के कमी. निम्म्यात देतो म्हणाला असता तर मी पळालो असतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. वर म्हणतो कसा, “दादा, क्यूटीएस किती ते विचारून घेणारे तुम्ही पहिलेच.” क्यूटीएस म्हणजे स्पीकरला कसा बॉक्स लागेल ते सांगणारा आकडा. बस, विरघळलो. १४,०५० लगेच यूपीआयने पाठवले. उरलेले अर्धे कुरिअरची पावती आल्यावर द्यायचे ठरले.

आता ती पावती. तिच्यावर वजन होतं ८.६ किलो.

कंपनीची डेटाशीट, म्हणजे मालाच्या तपशिलाचा कागद, माझ्या टेबलावर होती. वूफर प्रत्येकी ३.२, फुल रेंज प्रत्येकी १.९. चौघांचे १०.२ किलो, तेही खोकं आणि थर्माकोल न धरता. मी बेरीज केली होती! कागदाच्या कडेला पेन्सिलने केलेली ती बेरीज अजून तिथेच आहे. आणि मनाला समजावलं काय, तर कुरिअरवाल्याने वजन कमी लावलं असेल. कुरिअरवाला गिऱ्हाइकाच्या फायद्यासाठी वजन कमी लिहितो, असं कधी ऐकलंय का कोणी? दुसरे १४,०५० गेले. मग ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे १,२०० गेले. ते मागितले तेव्हा तरी कळायला हवं होतं, पण तोवर माणूस हो-हो म्हणायच्या लयीत आलेला असतो.

खोकं आलं. वूफर अस्सल. डाव तिथेच होता, ते मला फार उशिरा उमगलं. फुल रेंजवर ८ ओहमचा कोरा करकरीत स्टिकर. तेव्हाच मल्टिमीटर लावायचा होता. दोन सेकंदांचं काम. ८ ओहम रोधाचा ड्रायव्हर, म्हणजे बॉक्सशिवायचा नुसता स्पीकर, मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवतो. पण सुतार लग्नसराईत अडकलेला, बॉक्स तयार नाहीत, म्हणून मी खोकं तसंच माळ्यावर ठेवलं. अकरा दिवस! लकडगंजातून आणलेला प्लाय ४,३०० आणि सुताराची मजुरी ३,५००, ते त्या २९,३०० च्या वर धरा.

लावून पाहिलं तर गळा पोकळ. पुरुषाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. दोन रात्री मी स्वतःच्याच क्रॉसओव्हरला, म्हणजे दोन स्पीकरांत सूर वाटून देणाऱ्या जोडणीला, शिव्या घातल्या, कॉइल बदलली, पोलॅरिटी उलटी करून पाहिली. शेवटी मीटर लावला: ३.४. म्हणजे ४ ओहमचा माल. ८ ओहमच्या हिशोबाने लावलेला ८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशा ड्रायव्हरला २५० ऐवजी ५०० ला कापतो. वूफर २५० ला उतरायला लागतो, फुल रेंज ५०० ला वर येतो आणि मधला गळा खड्ड्यात. मागचं रबरी टोपण सोललं तर भाकरीएवढं पातळ मॅग्नेट आणि त्यामागे प्लॅस्टिकची पोकळ वाटी.

फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर बाईंनी नीट ऐकून तक्रार घेतली, पण पैसे केव्हाच पुढे सरकले होते. पैसे गेल्याचं कळलं त्याच मिनिटाला हा नंबर लावा, आधी मित्रांना विचारत बसू नका. बँकेत उत्तर मिळालं, “पिन तुम्हीच टाकलाय ना?” हो, मीच टाकलाय, पिन शेजाऱ्याने टाकला असता तर तुमच्याकडे आलो असतो का?

आणि ठाणं! पहिल्यांदा गेलो तर विधिमंडळ अधिवेशनाचा बंदोबस्त, साहेब नाहीत. दुसऱ्यांदा गेलो तर अर्ज मराठीत लिहून आणा. तो मराठीतच होता. तिसऱ्यांदा दोन्ही ड्रायव्हर पिशवीत घालून घेऊन गेलो. हवालदारसाहेबांनी एक उचलून कानाशी नेला.

“माल मिळाला?”

“मिळाला, पण नकली...”

“वाजतात ना?”

“वाजतात.”

“मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा.”

मी ओहम समजावायला लागलो तर त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता. आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, तो दुकानदार आहे हे आधी सिद्ध करा. जुना माल विकणारा खाजगी माणूस निघाला तर अवघड. त्याचं खरं नावही मला माहीत नाही, सिद्ध काय करणार?

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, सील तोडण्याआधीपासून. स्क्रू कसण्याआधी मीटर. सोल्डर लावलात की माल ‘वापरलेला’ झाला, हे मला बँकेतल्या पोराने ऐकवलं. आणि पार्सलचं वजन डेटाशीटशी जुळत नसेल तर एक रुपयाही पुढे सोडू नका, कितीही गोड बोलला तरी.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितली नव्हती. “बॉक्स झाले की फोटो टाका दादा,” असं तो म्हणाला होता आणि मी हौसेने चार फोटो पाठवले होते. परवा नव्या नावाने तीच जाहिरात दिसली, “तयार जोडी, ३४,०००, अर्धे आधी.” फोटोत सागवानी पॉलिशचे बॉक्स आहेत आणि खाली ठिपक्यांची जुनी मोझेक फरशी, एका कोपऱ्यात तडा गेलेली. ती फरशी माझ्या हॉलची आहे.